बेंदराच्या फोटोखालचं नाव

फुस्स.

माझ्या आठवणीतला सगळ्यात जुना आवाज हा. मुरगूडच्या शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली, काळ्या कापडात डोकं खुपसून उभ्या असलेल्या एका फिरस्त्या फोटोग्राफरनं रबराचा फुगा दाबला, तेव्हाचा. त्याआधी इयत्ता चौथीची आम्ही एकेचाळीस पोरं श्वास कोंडून उभी होतो. गुरुजींनी दम भरला होता, "जो हलंल त्याला उद्या आख्खी कविता उभ्यानं म्हणाय लावीन." मला कविता उभ्यानं म्हणायला फार आवडायची. म्हणून मी हललो. त्या फोटोत चाळीस पोरं आहेत आणि दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचव्या जागी, एक धुरकट गोळा आहे. तो मी.

वकील अमरसिंह म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. आधी नाव, वय, पत्ता. बरं.

तर मी, जोतीराम पिराजी चौगले, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा फोटो रंगवणे व दुरुस्त करणे (धंदा बंद, हात चालू), मूळ राहणार मुरगूड, हल्ली राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली असून तेव्हापासून निळा रंग पूर्वीपेक्षा जास्त निळा दिसतो. ही तक्रार नाही. हे लिखाण मी कोणाच्या धाकानं, गळ घातल्यानं किंवा गोड बोलण्यानं करत नसून, आपखुशीनं, माझ्या हातानं, चार दिवस रोज सकाळी माडीवरच्या उत्तरेच्या खिडकीत बसून करत आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही आणि मेलेलोही नाही. सबब दोन्ही बाबतींत चूकभूल पोटात घालावी.

कलम एक. घराबाबत.

शाहूपुरीतलं हे राहतं घर, खालीवर मिळून, माझा मुलगा विजयसिंह आणि सून वर्षाराणी या दोघांच्या नावे समान हिश्शानं करावं. माडीवरची उत्तरेची खिडकी कोणत्याही कारणानं बुजवू नये. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. त्यात ऊन येत नाही, म्हणून सावली खोटं बोलत नाही. या खिडकीत बसून मी चाळीस वर्षं लोकांच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या आहेत. समोरच्या दुकानदारानं मध्यंतरी जो भलामोठा बोर्ड लावला आणि माझा पाव उजेड खाल्ला, त्याला मी या मृत्युपत्रान्वये माफ करत आहे. बोर्डावर त्यानं जो जांभळा वापरला आहे त्याला मात्र माफी नाही.

उंबऱ्यापुढं वर्षाराणी रोज काढते त्या रांगोळीबद्दल. गेल्या दिवाळीत विजयसिंहानं रांगोळीचा एक स्टिकर आणून फरशीवर चिकटवला. म्हणाला, "रोज रोज कशाला वाकायचं तिनं, आण्णा? हे वर्षभर टिकतंय." अरे, टिकतंय हाच तर त्याचा दोष आहे. रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांनी विस्कटावी आणि सकाळी पुन्हा निघावी, यातच तिची गंमत. तो स्टिकर मी उलथन्यानं काढला. हे आजवर कबूल केलं नव्हतं. आता करतो.

कलम दोन. शिलकीबाबत.

बँकेत जे काही असेल ते विजयसिंह आणि माझी नात संयोगिता यांनी निम्मं निम्मं घ्यावं. कागद लोखंडी कपाटात आहेत. या कलमात सांगण्यासारखं दुसरं काही नाही, आणि ते मला बरं वाटतं.

कलम तीन. हत्यारांबाबत.

माझे सात ब्रश, निगेटिव्हवर काम करायच्या टोकदार पेन्सिली, भिंग, आणि रंगाच्या पानांच्या उरलेल्या दोन वह्या. ही रंगाची पानं आता कुठं मिळत नाहीत. बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून पाण्यात टाकला की त्यातून रंग उतरायचा, आणि त्यानं आम्ही काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या नवरीचा शालू हिरवा करायचो. गुलाबी पान सगळ्यात आधी संपायचं, कारण गाल सगळ्यांना असतात.

ही सगळी हत्यारं मी सून वर्षाराणी हिला देतो. ती हे वाचून म्हणेल, "मला कुठली चित्रकला येतीया, आण्णा?" पोरी, मी तेवीस वर्षं माडीवरून बघतोय. तू चिमटीतून रेघ सोडतेस तेव्हा तुझा हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरतो. हे मला शिकायला नऊ वर्षं लागली होती. तुला कुणी शिकवलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तोंडावर सांगायला मी लाजलो. आता कायदेशीर सांगतो.

कलम चार. निगेटिव्हच्या पेट्यांबाबत.

माळ्यावर पत्र्याच्या सहा पेट्या आहेत. त्यांत आमच्या 'चैत्र फोटो स्टुडिओ'त सन एकाहत्तर ते सत्त्याऐंशी या काळात आलेल्या माणसांच्या निगेटिव्ह आहेत. आमच्या म्हणजे माझ्या आणि लालासाब मौला शिकलगार यांच्या. लालासाब फोटो काढायचा, मी दुरुस्त करायचो आणि रंगवायचो. त्याच्याबद्दल कलम सहा राखून ठेवलं आहे. इथं फक्त एवढं सांगतो की आमच्या डार्करूममध्ये घड्याळ नव्हतं. अंधारात ते दिसणार तरी कसं? म्हणून मी चौथीतली ती जखमी पाखराची कविता म्हणायचो. पहिली दोन कडवी होईपर्यंत फोटो डेव्हलपरमध्ये, एक कडवं पाण्यात, आणि पुढची सगळी कविता फोटो पक्का करणाऱ्या हायपोत. गुरुजींनी लावलेली चाल मोजून मापून होती, तिच्यात सेकंदाचा फरक पडत नसे. लालासाबला कवितेचं वावडं. "किती रडतंय हे पाखरू तुझं, उडू दे की एकदाचं," असं म्हणायचा. पण मी आजारी पडलो की तोच अंधारात मोठ्यानं तीच कविता म्हणायचा. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, आत शिकवणी चालली आहे.

त्या पेट्यांत अशी माणसं आहेत ज्यांचा जन्मात एकदाही फोटो निघाला नव्हता. ती गेल्यावर घरचे धावत येऊन लालासाबला घेऊन जायचे. मग मिटलेल्या डोळ्यांचा तो फोटो माझ्याकडे यायचा. "जोतीरामभाऊ, डोळे उघडा त्यांचे." मी विचारायचो, घरात कुणाचे डोळे यांच्यासारखे आहेत? मग कुणीतरी नात, कुणीतरी धाकटा मुलगा पुढं व्हायचा. त्याला खिडकीत बसवून मी त्याचे डोळे म्हाताऱ्याला लावायचो. एकदा एक बाई फोटो बघून म्हणाल्या, "आता बघा, बघाय लागलं." एवढी शाबासकी मला पुन्हा कुणी दिली नाही.

एक चूकही त्या पेट्यांत आहे. तेव्हा जोडफोटो करून घ्यायची रीत होती. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालेला नसे. मग दोघांचे वेगवेगळे फोटो आणून देत, आणि आम्ही ते कापून, जोडून, मागं एकच पडदा रंगवून त्यांना शेजारी बसवत असू. एका आठवड्यात दोन घरची कामं आली. मी कविता म्हणण्याच्या नादात एका घरची बाई दुसऱ्या घरच्या बाप्याशेजारी बसवली. फ्रेम गेली, हार पडला, आणि चार दिवसांनी एक पावणं फ्रेम काखेत मारून आले. "आई आमचीच हाय ओ. पण ह्यो माणूस कोण? आमचा म्हातारा कुठं गेला?" दोन्ही घरांना नवे फोटो करून दिले. ती चुकीची फ्रेम मात्र माझ्याकडेच राहिली. एकमेकांना कधी न भेटलेली ती दोघं चाळीस वर्षं माझ्या माडीवर सुखानं नांदत आहेत. त्यांचे चेहरे आताशा एकमेकांसारखे दिसू लागले आहेत. त्यांना भिंतीवरून काढू नये. संसार मोडल्याचं पाप लागेल.

पेट्या संयोगितानं घ्याव्यात. तिला त्या मोबाईलात घ्यायच्या असतील तर घेऊ द्याव्यात. ती दिवसाला शंभर फोटो काढते. जेवणाचा, मांजराचा, माझ्या झोपेचा. एके दिवशी तिनं गॅसवर फुगलेल्या भाकरीचा फोटो काढला होता, वाफ सुटतानाचा. मी अर्धा तास तो बघत बसलो. पोरीला नजर आहे. अट एकच. वर्षाला बारा फोटो कागदावर छापून घ्यावेत. कुठले बारा, हे ठरवताना जी तगमग होते, तीच खरी कला. बाकीचं सगळं बोटाचं काम.

बोटाचं काम. या शब्दापाशी मी काल थांबलो होतो. पुढं लिहायला आज सकाळ उजाडली.

कलम पाच. माझ्या फोटोबाबत.

माझ्या पश्चात हार घालायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावू नये. लावल्यास हे मृत्युपत्र रद्द समजावं. (अमरसिंह म्हणतात असं करता येत नाही. पण विजयसिंहाला भीती राहावी म्हणून राहू दे.) मी शाळेतला तो धुरकट गोळा भिंग लावून मोठा केला आहे. तोच लावावा. ज्याला जसा आठवेन तसा चेहरा त्यानं आपापला रंगवून घ्यावा.

कलम सहा. कॅमेरा, बेंदराचा फोटो व लालासाब.

हे कलम लिहिता यावं म्हणून मी आधीची पाच लिहिली.

माडीवर माझ्या टेबलासमोर एक फोटो आहे. सन सत्त्याऐंशीचा बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा. जागा कोडोली, म्हणजे माझी सासरवाडी. माझे सासरे बाळासो अंगणात उकिडवे बसून बैलाची शिंगं हिंगळानं रंगवताहेत. बैल मान खाली घालून गुमान उभा आहे. अख्खा फोटो काळा-पांढरा आहे, आणि मी फक्त शिंगं रंगवली आहेत, लाल. म्हातारा बैलाची शिंगं रंगवतोय आणि मी म्हाताऱ्याच्या फोटोतली शिंगं रंगवतोय, असा तो खेळ.

या फोटोच्या तीन गोष्टी लोक नेहमी बोलायचे. एक, फोटो डावीकडं किंचित कललेला आहे. परीक्षकांनी त्याला धाडस म्हटलं. दोन, उजव्या कडेनं बैलाचं दावं ताणलेलं दिसतं आणि ते फोटोबाहेर निघून जातं. कुणी धरलंय ते दिसत नाही. मी समजत होतो, मेव्हणा. आणि तीन, सासरे हसताहेत. जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून, कॅमेऱ्याकडं बघून, तोंडभर. हे मला कधी उमगलं नाही. या माणसानं मला जावई म्हणून सोळा वर्षांत एकदाही हसून पाहिलं नव्हतं. फोटोग्राफर बघितला की त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यागत व्हायचं. मी म्हणायचो, ही लालासाबची जादू.

फोटो निघाला तेव्हा मी तिथं नव्हतो. पुरणपोळी जास्त झाल्यामुळं माजघरात आडवा झालो होतो.

त्या साली शहरातल्या एका हौशी मंडळानं प्रदर्शन भरवलं. तेव्हा रंगीत फिल्म आली होती. शालू आपोआप हिरवा यायचा, गाल आपोआप गुलाबी. माझ्या ब्रशाला काम उरत नव्हतं. महिनाभरात एक गाल रंगवला नव्हता मी. ही सबब नाही, हकिकत आहे. मी तो फोटो प्रदर्शनात दिला आणि खालच्या कार्डावर सुंदर अक्षरात लिहिलं: 'जोतीराम चौगले'. बस्स. एवढंच. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.

लालासाब बघायला आला. कार्डापुढं उभा राहिला. म्हणाला, "कार्डावर एकटाच हाईस की रं, जोती. बाकीची कुठं हायत?"

लोक होते भोवती. माझ्या गळ्यात हार होता. मी म्हणालो, "नुसतं बटण दाबलंस की. जीव मी ओतलाय त्यात."

तो तसाच मागं फिरला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आला, दोन भिंगांचा आपला कॅमेरा टेबलावर ठेवला, आणि गेला. कॅमेरा त्याचा होता. तो न्यायचा सोडून ठेवून गेला. पुढं त्यानं सदर बाजारात फ्रेमांचं दुकान घातलं. लोकांनी काढलेले फोटो चौकटीत बसवायचा. पुन्हा त्यानं फोटो काढल्याचं मी ऐकलं नाही.

याला अडतीस वर्षं झाली. माझी बायको हौसा आणि त्याची मदिना यांनी या अडतिसातली चौतीस वर्षं डबे चालू ठेवले. दिवाळीला इकडून, ईदला तिकडून. डबे बोलत होते, आम्ही नाही. हौसा म्हणायची, "जावा की एकदा त्यांच्याकडं. माझ्यासाठी म्हणून जावा." मी म्हणायचो, त्याला नाव पाहिजे होतं तर त्यानं मागायचं. ती फोटोकडं बघायची आणि हसायची. "बाप माझा, बैल माझ्या बापाचा, आणि भांडायला तुम्ही दोघं." हौसा जाऊन चार वर्षं झाली. तिच्या मातीला लालासाब आला होता. लांब, भिंतीला टेकून उभा होता. मी बघितलं. गेलो नाही. फोटोत हललो तसा तेव्हा हललो असतो तर बरं झालं असतं.

सबब या कलमान्वये मी लिहून देतो की, कार्डावर एकट्याचं नाव घालणं ही माझी चूक होती आणि 'नुसतं बटण' हे माझ्या तोंडून गेलेलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. मी दर खंडेनवमीला पूजा करून पुसून ठेवलेला त्याचा कॅमेरा त्याचा त्याला परत द्यावा. बेंदराचा फोटोही त्यालाच द्यावा. खाली नवं कार्ड लावावं, आणि त्यावर पहिलं नाव लालासाबचं असावं. त्यानं घेतलं नाही तर? तर ठेवून यावं. तोही असाच ठेवून गेला होता.

एवढं लिहून होतंय तोवर संयोगिता चहा घेऊन वर आली. माझ्या खांद्यावरून तिनं सगळं वाचलं.

"आबा, म्हंजे तुम्ही मेल्यावर माफी मागणार?"

"तसं नव्हं. कायदेशीर."

"आणि लालाआजोबा तुमच्या आधी गेलं तर?"

मी म्हणालो, अमरसिंहाला विचारून बघतो.

"वकिलाला काय विचारताय? सदर बाजार हितनं किती लांब हाय? रिक्षानं गेलासा तर चहा गरम ऱ्हाईल."

मी तिला सांगितलं की काही गोष्टी लिहायला सोप्या आणि बोलायला अवघड असतात, म्हणून तर माणसांनी कविता शोधून काढली. ती म्हणाली, "माणसांनी रिक्षाबी शोधून काढलीया." आणि कप ठेवून, पानाचा मोबाईलात एक फोटो काढून, खाली गेली. कशाचाही फोटो काढते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

कलम सात. साक्षीदारांबाबत. (हे कलम दुसऱ्या दिवशी, म्हणजे चौथ्या सकाळी.)

ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये, असं अमरसिंह बजावतात. म्हणजे घरचं कुणी चालत नाही. पहिले साक्षीदार शेजारचे कृष्णात, दूध डेअरीवाले. त्यांना मी काही देत नाही. त्यांनी मागं माझ्या मुंडाशाच्या फोटोला 'फेट्यात कोंबडा' म्हटलं होतं. दुसरे साक्षीदार अमरसिंहांचे कारकून. त्यांचा आज सकाळी फोन आला की ताप आहे, येता येत नाही. अमरसिंह घड्याळ बघत बसले आहेत. कृष्णात म्हणतात, "मी दोनदा सही केली तर चालंल काय?" अमरसिंह म्हणतात, नाही. मी हे लिहीत बसलो आहे, कारण हात रिकामा ठेवायची सवय नाही.

दार वाजलं आहे.

खालून वर्षाराणीचा आवाज आला, "आण्णा, खाली या लगीच." मी वही घेऊन खाली आलो. पुढचं दारातल्या स्टुलावर बसून लिहीत आहे. अमरसिंह म्हणतात, मृत्युपत्रात असं चालू वर्णन घालत नाहीत. घालतो.

उंबऱ्याबाहेर एक वाळकं, उंच म्हातारं माणूस एका पायावर उभं आहे. दुसरा पाय टेकायला जागा नाही, कारण भोवती सगळी वर्षाराणीची रांगोळी आहे आणि त्याला ती मोडायची नाही. हातात मोबाईल आहे. अडतीस वर्षं मनात घोकलेलं सगळं गेलं आणि तोंडातून निघालं, "या की पावणं, आत या."

"पावणं? मला पावणं म्हणतोस व्हय रं?"

लालासाब.

"ही रेघ कुणाची?" त्यानं खाली बघून विचारलं.

"सुनेची."

"हात चांगला हाय तिचा. मोडंल म्हणून हितनंच बोलतो. तुझ्या नातीनं आमच्या फराजला ह्यो फोटो धाडलाय." फराज म्हणजे त्याचा नातू, संयोगिताच्याच कॉलेजात आहे. "रातभर वाचतोय. चष्मा लावून, मोठा करून. अक्षर अजून चांगलं हाय तुझं. पण मजकूर सगळा चुकलाय."

मी म्हणालो, "कुठं चुकलाय?"

"बटण मी दाबलंच न्हाई."

अमरसिंह घड्याळ सोडून दाराकडं बघायला लागले. कृष्णातसुद्धा.

"बैल बुजरा होता, तुझ्या सासऱ्याचा. कॅमेरा बघून उधळाय लागला. मी स्टँड लावला, सगळं नीट केलं, आणि दावं धराय गेलो. ते दावं फोटोभाईर जातंय न्हवं? त्याच्या टोकाला मी हाय. वैनी म्हणल्या, मी दाबू काय? मी म्हणलं, दाबा. उंची पुरंना म्हणून त्या स्टँडला धरून चवड्यावर झाल्या. म्हणून कललाय. धाडस म्हणं!"

मी विचारलं, "आणि मामंजी हसले ते?"

"लेकीकडं बघून बाप हसंल न्हाई तर काय! आपल्याकडं बघून कधी हसला होता काय तो?"

हौसा. अडतीस वर्षं तो फोटो माझ्यासमोर होता. तो कलताना, त्यातलं दावं ताणताना, त्यातला म्हातारा हसताना मी बघत होतो. मी स्वतःला नजर आहे असं समजत होतो.

"सांगितलं का न्हाईस?"

"तू म्हणालास, नुसतं बटण दाबलंस. मग कुठल्या तोंडानं सांगू, की तेबी मी दाबलं न्हवतं? आणि त्या दिवशी मी माझं नाव मागाय आलोच न्हवतो, लेका. तिचं कुठं हाय, ते इचारत होतो. नंतर वैनीच दुकानात आल्या. हात जोडलं. म्हणल्या, सांगू नगासा. ह्यांना कळलं तर बक्षीस माघारी देऊन येतील. लई दिवसांनी नीट जेवाय लागल्यात."

संयोगिता दाराआड उभी राहून डोळे पुसत होती आणि तरी फोटो काढत होती. मी तिला रागावलो नाही.

मग मी ते बोललो. लिहिलेलं नव्हे, तोंडानं. काय बोललो ते इथं नोंदवत नाही. काही मालमत्ता दोघांतच ठेवायची असते.

आता राहिला कायदा. अमरसिंह खाकरून म्हणाले, दुसरा साक्षीदार दारात उभा आहे खरा, पण कलम सहाप्रमाणे त्यांना कॅमेरा आणि फोटो मिळतो, त्यामुळे त्यांची सही चालणार नाही. लालासाब म्हणाला, "मग मला काय नको. खोड ते. सहीच करतो. ह्याला मला एकदा तरी कागदावर बसवू दे."

सबब कलम सहामधला कॅमेरा व फोटो यांबाबतचा मजकूर मी याद्वारे रद्द करतो. कॅमेरा नात संयोगिता हिला मिळावा. तो तिच्या आजीनं एकदाच वापरला, आणि आमच्या घरात त्याचा तसा वापर पुन्हा कुणी केला नाही. बेंदराचा फोटो माडीवरून काढून दर्शनी खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावावा. कलला आहे तसाच लावावा, सरळ करू नये. त्याखाली नवं कार्ड असेल. ते मी माझ्या अक्षरात आजच लिहिलं आहे, ते असं:

छायाचित्र: हौसा जोतीराम चौगले. दावं: लालासाब मौला शिकलगार. रंग: जोतीराम चौगले, फक्त शिंगांपुरता.

वर लिहिलेला सर्व मजकूर मी स्वतः वाचला, मला तो मान्य आहे, आणि खाडाखोड झाली आहे ती बरी झाली आहे. खालील दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते.

लिहून देणार: जोतीराम पिराजी चौगले

साक्षीदार १: कृष्णात, शेजारी, दूध डेअरीवाले (यांचा आग्रह की फेट्याबद्दलचं मत त्यांनी मागं घेतलेलं नाही, हे नोंदवावं)

साक्षीदार २: लालासाब मौला शिकलगार, राहणार सदर बाजार, कोल्हापूर. धंदा: फोटोग्राफर

ठिकाण: शाहूपुरी, कोल्हापूर, घराचा उंबरा. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळ.

ता. क. फौंटनपेनची शाई ओली असल्यानं अमरसिंहांनी कागद तसाच धरून ठेवायला सांगितलं. किती वेळ, असं मी विचारलं. लालासाब अजून एका पायावर उभा होता. तो म्हणाला, "दोन कडवी," आणि दारातूनच मोठ्यानं म्हणायला लागला.